ऐन फायनलमध्ये हाफटाइमला बाहेर बसवलं, तरी जेलन हर्ट्स कॉलेज सोडून का गेला नाही?

केंड्रिक लमारचा सुपर बोलमधला हाफटाइम शो आठवतोय? तारीख होती ९ फेब्रुवारी २०२५. त्यानंतर कित्येक दिवस इन्स्टा उघडलं की त्याच्याच रील्स. आपल्याकडे बहुतेकांनी शो बघितला, मॅच नाही. पण शो सुरू झाला तेव्हा स्कोअर होता २४-०. सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी उतरलेल्या कॅन्सस सिटी चीफ्सना फिलाडेल्फिया ईगल्सनं खातंसुद्धा उघडू दिलं नव्हतं. मॅच संपली ४०-२२ वर आणि मॅन ऑफ द मॅच, तिकडच्या भाषेत एमव्हीपी, ठरला ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स.

याच हर्ट्सच्या वाट्याला सात वर्षांपूर्वी आणखी एक हाफटाइम आला होता. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि कॉलेजकडून खेळत होता. देशातली सगळ्यात मोठी कॉलेज फायनल चालू होती, कोट्यवधी लोक टीव्हीवर बघत होते. हाफटाइमला कोचनी त्याला बाहेर बसवलं आणि त्याच्या जागी आलेल्या पोरानं मॅच जिंकून दिली.

तिथून सुपर बोलपर्यंत तो कसा पोहोचला, हे समजून घ्यायचं तर अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल कसा चालतो हे बघावं लागतं. कारण हर्ट्सच्या गोष्टीत त्याच्या खांद्याइतकाच मोठा रोल नियमांचा आहे. आणि एका डिग्रीचा.

आधी खेळ थोडक्यात

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला मेस्सीवाला फुटबॉल नाही. एका वेळी दोन्हीकडचे ११-११ खेळाडू मैदानात असतात. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना १० यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे तिच्या निम्म्याहून थोडं कमी अंतर. तेवढं गेलात की पुन्हा चार संधी. असं करत करत समोरच्याच्या टोकाला पोहोचलात की टचडाउन, म्हणजे ६ पॉइंट.

क्वार्टरबॅक म्हणजे या सगळ्याचं डोकं. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. बॉल लांब फेकायचा, शेजारच्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदात ठरवायचं असतं. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी अंगावर येत असतात, ते वेगळंच.

या जागेची गोची अशी, की मैदानात क्वार्टरबॅक एकच असतो. क्रिकेटमध्ये दोन चांगले ओपनर असले तर दोघांनाही खेळवता येतं. इथे एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. एक खेळतो, दुसरा हातात टॅब्लेट नाहीतर क्लिपबोर्ड घेऊन रेषेबाहेर उभा राहतो.

कॉलेजच्या खेळाला एवढं महत्त्व का?

एनएफएल, म्हणजे तिकडची प्रोफेशनल लीग, शाळेतून थेट आलेल्या पोराला घेत नाही. शाळा सुटून तीन वर्षं व्हावी लागतात. मधल्या काळात खेळायची जागा म्हणजे कॉलेज. त्यामुळे कॉलेज फुटबॉल हा अर्धा खेळ आणि अर्धा धंदा आहे. अलाबामा युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त लोक बसतात. तिथले तेव्हाचे कोच निक सेबन यांना वर्षाला ७० लाख डॉलरहून जास्त पगार होता.

आणि खेळाडूंना? पगार शून्य. स्कॉलरशिप मिळायची, म्हणजे फी, राहणं, खाणं, पुस्तकं आणि थोडाफार वरखर्च. बाहेरून जाहिरातीचे पैसे घेतले तर कारवाई. रेजी बुश नावाच्या खेळाडूला २००५ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, २०१० मध्ये सोडावा लागला. कारण त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी कॉलेजात असताना बाहेरून पैसे आणि सवलती घेतल्याचं समोर आलं होतं. २०२४ मध्ये ट्रॉफी त्याला परत मिळाली. मधल्या काळात नियम कसे उलटेपालटे झाले ते पुढे येईलच.

अठराव्या वर्षी अलाबामाचा क्वार्टरबॅक

हर्ट्स टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. वडील शाळेत फुटबॉलचे कोच आणि तो त्यांच्याच टीममध्ये खेळला. मोठा भाऊही क्वार्टरबॅक. शाळेत असताना जेलन पॉवरलिफ्टिंगही करायचा, ५०० पाउंडांहून जास्त म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर वजन घेऊन स्क्वॉट मारायचा.

२०१६ च्या सुरुवातीला तो अलाबामात आला. सप्टेंबरमध्ये यूएससीविरुद्ध पहिली मॅच. तो बदली म्हणून मैदानात गेला आणि पहिल्याच चालीत त्याच्या हातून बॉल निसटला. एखाद्याचं अवसान तिथेच गळालं असतं. त्यानं त्याच मॅचमध्ये दोन टचडाउन फेकून आणि दोन पळून केले. अलाबामा ५२-६ नं जिंकली.

पुढच्या मॅचपासून तो पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक झाला. अलाबामासारख्या टीममध्ये पहिल्या वर्षाच्या पोराला क्वार्टरबॅक म्हणून मॅच सुरू करायला मिळण्याची ही १९८४ नंतरची पहिलीच वेळ. त्या सीझनला त्यानं २७८० यार्ड फेकले, ९५४ यार्ड पळून काढले आणि टीम एकही मॅच न हरता फायनलला गेली.

ती फायनल क्लेमसनविरुद्ध होती. दोन मिनिटं उरली असताना हर्ट्स ३० यार्ड पळत गेला आणि अलाबामाला ३१-२८ अशी आघाडी मिळवून दिली. पण घड्याळात एक सेकंद उरलेला असताना क्लेमसनच्या डेशॉन वॉटसननं टचडाउन फेकला. अलाबामा ३५-३१ नं हरली.

८ जानेवारी २०१८ : पहिली रात्र

पुढच्या वर्षी अलाबामा पुन्हा फायनलला. ठिकाण अटलांटाचं मर्सिडीज-बेन्झ स्टेडियम, समोर जॉर्जिया. हे स्टेडियम लक्षात ठेवा, हर्ट्सच्या गोष्टीत ते तीनदा येतं.

पहिल्या हाफमध्ये हर्ट्सचं काहीच चाललं नाही. आठ वेळा बॉल फेकला, तीनच पोहोचले, एकूण २१ यार्ड. स्कोअर जॉर्जिया १३, अलाबामा ०. हाफटाइमनंतर टीम बाहेर आली तेव्हा क्वार्टरबॅकच्या जागी टुआ टागोवायलोआ होता. वय १९, पहिलं वर्ष, आणि तोपर्यंत कॉलेजची एकही मॅच त्यानं स्वतः सुरू केलेली नव्हती.

टुआनं स्कोअर २०-२० वर आणला. एक्स्ट्रा टाइममध्ये पहिल्याच चालीत तो पकडला गेला आणि टीम १६ यार्ड मागे गेली. पुढच्याच चालीत त्यानं ४१ यार्ड लांब बॉल फेकला, डिव्होन्टा स्मिथनं तो धरला आणि मॅच २६-२३ नं अलाबामाच्या खिशात. हर्ट्स रेषेबाहेरून टुआला चिअर करत होता.

सेबन यांचा निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्नच उरला नाही. ट्रॉफी हातात होती. पण हर्ट्सचं काय? त्यानं २८ मॅच सुरू केल्या होत्या आणि त्यातल्या २६ जिंकल्या होत्या. अर्ध्या मॅचमध्ये त्याची जागा गेली.

मग तो दुसऱ्या कॉलेजात का गेला नाही?

आपल्याला वाटेल, गेला असता सरळ दुसरीकडे. एवढा रेकॉर्ड असलेल्या पोराला कुणीही घेतलं असतं. अडचण नियमाची होती.

कॉलेज खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या तेव्हाच्या नियमानुसार फुटबॉल खेळाडूनं कॉलेज बदललं तर साधारणपणे एक अख्खं वर्ष मॅच न खेळता बसायचं. सराव करा, अभ्यास करा, मॅच नाही. कोच मात्र कधीही, कुठेही जाऊ शकत होते आणि जायचेही.

या नियमातून सुटायची एक सरळ वाट होती. खेळाडूनं डिग्री पूर्ण केली असेल आणि खेळायची वर्षं शिल्लक असतील, तर नव्या कॉलेजात तो लगेच खेळू शकत होता. म्हणजे हातात डिग्री असेल तर मोकळीक, नसेल तर वर्षभर शिक्षा.

हर्ट्सला पब्लिक रिलेशन्सची डिग्री मिळायला डिसेंबर २०१८ उजाडणार होता. तोवर अलाबामातच राहायचं आणि बहुतेक मॅच बाहेरून बघायच्या, हे उघड होतं.

हे सगळं त्यानं हसत हसत सहन केलं, असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तो पत्रकारांसमोर उघड बोलला. सगळे आपल्याबद्दल बोलतायत, पण आपल्याला काय वाटतं हे कोचसकट कुणीच विचारलं नाही, अशी त्याची तक्रार होती. ज्या टीममध्ये कोचचा शब्द म्हणजे कायदा, तिथे एवढ्या तरुण खेळाडूनं हे बोलायला धाडस लागतं.

चार मॅचचं गणित

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. खेळाडूला कॉलेजात चार सीझन खेळता येतात. २०१८ मध्ये नवा नियम आला, की सीझनमध्ये चार किंवा त्याहून कमी मॅच खेळलात तर ते वर्ष मोजलं जाणार नाही.

हर्ट्सनं २०१६ आणि २०१७ ही दोन वर्षं वापरली होती. २०१८ मध्ये चार मॅच खेळून थांबला असता, तर डिग्री घेऊन बाहेर पडताना त्याच्या हातात दोन वर्षं राहिली असती. पाचवी मॅच खेळला तर एकच.

त्याच वेळी क्लेमसनमध्ये हुबेहूब असाच प्रसंग घडला. केली ब्रायंट नावाच्या क्वार्टरबॅकची जागा ट्रेव्हर लॉरेन्स या नव्या पोराला दिली गेली. ब्रायंटनं चार मॅचनंतर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टीम सोडली, आपलं वर्ष वाचवलं आणि पुढे मिझुरीकडून खेळला. त्यात चुकीचं काही नव्हतं. नियमानं दिलेला हक्क त्यानं वापरला.

त्याच आठवड्यात, २९ सप्टेंबरला, हर्ट्स लुइझियानाविरुद्ध पाचवी मॅच खेळायला उतरला. तीही बदली म्हणून. मैदानात पाऊल टाकताच त्याचं एक वर्ष गेलं. प्रेक्षकांना हे माहीत होतं, त्यामुळे टाळ्यांचा कडकडाट झाला.

१ डिसेंबर २०१८ : दुसरी रात्र

एसईसी ही कॉलेज फुटबॉलमधली सगळ्यात तगडी लीग. तिच्या फायनलला तेच स्टेडियम, समोर तीच जॉर्जिया. अलाबामा २१-२८ अशी मागे होती. शेवटच्या क्वार्टरमध्ये टुआचा घोटा दुखावला आणि तो बाहेर गेला.

सेबन यांच्याकडे आता एकच अनुभवी क्वार्टरबॅक होता.

हर्ट्स आला. नऊपैकी सात बॉल बरोबर पोहोचवले. जेरी ज्यूडीला १० यार्डांचा टचडाउन फेकून स्कोअर २८-२८ केला. एक मिनिट आणि काही सेकंद उरले असताना कुणी मोकळं दिसेना, तेव्हा स्वतः बॉल घेऊन १५ यार्ड पळाला. अलाबामा ३५-२८ नं जिंकली. ११ महिन्यांपूर्वी जिथून त्याला बाहेर बसवलं होतं, त्याच मैदानावर.

याच महिन्यात त्याला डिग्री मिळाली, तीन वर्षांत. सीझन संपेपर्यंत तो टीमबरोबर राहिला आणि जानेवारी २०१९ मध्ये ओक्लाहोमाला जात असल्याचं जाहीर केलं. गंमत म्हणजे दोनच आठवड्यांपूर्वी सेमीफायनलमध्ये अलाबामानं याच ओक्लाहोमाला ४५-३४ नं हरवलं होतं.

एक वर्ष आणि तिसरी रात्र

ओक्लाहोमाच का? तिथले कोच लिंकन रायली यांच्या हाताखाली बेकर मेफील्डनं २०१७ ची आणि कायलर मरेनं २०१८ ची हाइझमन जिंकली होती. दोघंही दुसऱ्या कॉलेजातून आलेले आणि दोघंही एनएफएलच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिल्या क्रमांकावर गेलेले.

हर्ट्सनं पहिल्याच मॅचला ३३२ यार्ड फेकले, १७६ यार्ड पळून काढले आणि सहा टचडाउन केले. नोव्हेंबरमध्ये बेलरविरुद्ध टीम ३-२८ अशी मागे असताना मॅच ३४-३१ नं काढली. अख्ख्या सीझनचा हिशेब ३८५१ यार्ड फेकून, १२९८ यार्ड पळून. फेकलेले टचडाउन ३२ आणि पळून केलेले २०. अलाबामात त्याच्यावर शिक्का होता की हा पळतो चांगला, पण फेकता येत नाही. तो शिक्का बराचसा पुसला गेला.

हाइझमनच्या मतदानात तो दुसरा आला. पहिला आला एलएसयूचा जो बरो, तिसरा ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स. पहिले तिन्ही क्वार्टरबॅक आणि तिघांनीही कॉलेज बदललेलं. बरो ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं बेंचवर होता, त्यानंही डिग्री घेऊन वाट धरली होती. म्हणजे त्या वर्षीचे देशातले तीन सर्वोत्तम क्वार्टरबॅक जिथे सुरुवातीला दाखल झाले, तिथे राहिलेच नव्हते. कॉलेज बदलणारा पोरगा हलक्या काळजाचा, या समजाला याहून मोठं उत्तर नसेल.

२८ डिसेंबर २०१९ ला सेमीफायनलमध्ये हर्ट्स आणि बरो समोरासमोर आले. स्टेडियम? तेच, अटलांटाचं. बरोनं पहिल्या हाफमध्येच सात टचडाउन फेकले. ओक्लाहोमा २८-६३ अशी चिरडली गेली. हर्ट्सची कॉलेजची शेवटची मॅच अशी संपली. अलाबामात वाचवता आलं असतं ते आणखी एक वर्ष त्याच्याकडे नव्हतं.

पहिला, पाचवा आणि ५३वा

एप्रिल २०२० च्या ड्राफ्टमध्ये बरो पहिल्या क्रमांकावर गेला, टुआ पाचव्या. हर्ट्सचं नाव दुसऱ्या फेरीत, ५३व्या क्रमांकावर आलं. ईगल्सकडे कार्सन वेन्ट्झ हा मोठ्या कराराचा क्वार्टरबॅक आधीच होता. म्हणजे पुन्हा बेंच. पण सीझनच्या शेवटी शेवटी वेन्ट्झच्या जागी हर्ट्स आला आणि ती जागा त्यानं सोडली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो पहिल्यांदा सुपर बोल खेळला. तीन टचडाउन स्वतः पळून केले, तरी टीम ३५-३८ नं हरली. दोन वर्षांनी त्याच चीफ्सना हरवून त्यानं हिशेब चुकता केला.

आज हेच घडलं असतं तर?

हर्ट्स कॉलेजातून बाहेर पडला आणि नियम बदलले. २०२१ पासून खेळाडूंना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली. २०२४ मध्ये अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा बदला, अशी सूट आली. जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं एनसीएएच्या विरोधात ९-० असा एकमतानं निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. २०२५ मध्ये तर एका कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा होती प्रत्येक कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर.

आजचा १९ वर्षांचा हर्ट्स फायनलनंतर काही दिवसांत कॉलेज बदलू शकला असता, वर चांगली रक्कमही मिळाली असती. मग १ डिसेंबरची ती रात्र कदाचित घडलीच नसती. म्हणून बरेच जण म्हणतात, आताच्या पोरांमध्ये टिकून राहायची तयारी नाही. पण जुन्या पद्धतीत टिकून राहायची सक्ती फक्त खेळाडूवर होती, हेही तेवढंच खरं. रायली यांचंच बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते ओक्लाहोमा सोडून यूएससीला गेले. त्यांना वर्षभर घरी बसावं लागलं नाही.

हर्ट्सचं मोठेपण त्या नियमात नव्हतं. नियम त्याच्या विरोधात असताना त्यानं त्यातली एकमेव सरळ वाट शोधली आणि तीन वर्षांत डिग्री पूर्ण केली, हे त्याचं. आणि वर्ष वाचवायची संधी असताना पाचव्या मॅचला उतरला, हेही त्याचंच. ते कुणी त्याच्यावर लादलं नव्हतं.

एप्रिल २०२३ मध्ये ईगल्सनं त्याच्याशी पाच वर्षांचा, २५.५ कोटी डॉलरपर्यंत जाणारा करार केला. आता त्याला खेळण्यासाठी कुठल्याच डिग्रीची गरज नव्हती. तरी पुढच्याच महिन्यात त्यानं ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीतून ह्युमन रिलेशन्समध्ये मास्टर्स पूर्ण केलं.